मेली का ही बाई?

"अन् देवी आली म्हंजे माणूस मरतेच का?" वांग्यांच्या ढिगामागे बसलेली बाई म्हणाली. तिच्यासमोर माइक धरलेला होता, पण ती माइकशी बोलतच नव्हती; माइक धरणारीच्या तोंडाकडे पाहत होती. "ह्या बाईलेच पाहा ना. हिले आली होती देवी. चांगली भरून आली होती दिसते. मंग मेली का ही बाई? नोकरी करते, हाताले घडी हाय, कडक इस्त्रीचं पातळ नेसून दुनियेले सवाल पुसत फिरून राहिली. काय बिघडलं हिचं?"

भोवतीच्या बाया हसल्या. वाईट हसल्या नाहीत. एखादा मुद्दा नेमका बसला म्हणजे चारचौघींत जसं हसू फुटतं तशा. शामलाचा हात हलला नाही. माइक होता तिथेच राहिला, खांद्याला लटकवलेल्या यंत्रात टेपची चकती फिरत राहिली आणि तिच्या तोंडून सवयीनं, गोलसर आवाजात निघालं, "आभारी आहे. आपलं नाव सांगाल?" "मनकर्णा. कळमेश्वरकडची." वांग्यांवर पाणी शिंपडत ती बाई पुढं म्हणाली, "एक मले बी सांगा बाई. सरकारनं सक्ती केली म्हनता. सक्तीच हाय, तं मंग मत काहून इचारून राहिल्या?" आता मात्र हशा मोठा झाला. मनकर्णाच्या मांडीवरची वर्षाची मुलगी काही न कळता टाळ्या वाजवू लागली. शामलाही हसली. यंत्र बंद केलं, वायर गुंडाळली, आणि जरीपटक्याच्या बाजारातून, सिंधी दुकानदारांच्या कापडाच्या ठाणांना वळसा घालत रस्त्याला लागली. काम चांगलं झालं होतं. इतकं ठसठशीत बोलणारं माणूस रोज भेटत नाही. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अजून हसतोच आहोत, आणि गाल दुखायला लागले आहेत.

रेडिओवर शामला दहा-अकरा वर्षं होती. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला की भांडी घासता घासता, तांदूळ निवडता निवडता अर्ध्या नागपुरातल्या बाया तिचा आवाज ऐकत. त्या वर्षी होळीच्या आधीच शहरात देवीची लागण सुरू झाली होती, आणि मुलांना देवी टोचून घेणं सक्तीचं म्हणून दवंडी फिरली होती. शाळेत नाव घालायचं तर दंडावरचा वण दाखवा. घरी टोचणारे आले तर मूल लपवू नका. वर्तमानपत्रांत त्यावर वाद पेटला होता. कोणी म्हणे सरकार घरात घुसतं, कोणी म्हणे अडाण्यांना अशीच अक्कल येते. तेव्हा केंद्रावरच्या आनंदरावांनी ठरवलं, लोकांना काय वाटतं ते लोकांच्याच तोंडून ऐकवायचं. आनंदराव तिचे वरिष्ठ, भला माणूस, आवाजांचा दर्दी. "शामलाताई, तुम्हीच जा," ते म्हणाले होते, आणि मग जरासे घुटमळले होते. ते घुटमळणं तिनं पाहिलं होतं. अशा घुटमळण्यांची तिला जन्माची ओळख होती, आणि त्यांना कशी वाट द्यायची तेही ठाऊक होतं. "मीच जाणार," ती म्हणाली होती. "देवीबद्दल बोलायला माझ्याइतकी अधिकारी बाई तुम्हाला कुठं मिळणार?" आनंदराव सुटल्यासारखे हसले होते.

कारण तिचा चेहरा देवीनं भरलेला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट टेकवायला सपाट जागा नव्हती. शाळेत पोरी तिला चाळणी म्हणत. एकदा वर्गात ती उभी राहून म्हणाली होती, "चाळणीतून चांगलं तेवढं खाली पडते अन् कचरा वर राहते. तुम्ही वर राहा," आणि मास्तरांसकट सगळे गप्प झाले होते. त्या दिवसापासून तिला कळलं होतं की चेहऱ्याकडे लोक पाहतात ते क्षणभरच. त्या क्षणात आपण जर बोललो, नीट, ठाम, पूर्ण वाक्यात बोललो, तर डोळे आपोआप कानांच्या मागं जाऊन बसतात. हे तिचं सगळं आयुष्य होतं. या एका युक्तीवर तिनं मॅट्रिक केलं, कॉलेज केलं, सिव्हिल लाइन्समधल्या त्या इमारतीत आवाजाच्या परीक्षेला गेली तेव्हा काचेपलीकडे बसलेल्या माणसांनी माना खाली घालून फक्त ऐकलं आणि तिला घेतलं. टोमण्यांची, हळहळीची, नवसाचे उपाय सांगणाऱ्या म्हाताऱ्यांची तिला सवय होती. कुणी शिवी दिली असती तर ती रिक्षात बसायच्या आत विसरली असती. पण मनकर्णानं तिला शिवी दिली नव्हती. मनकर्णानं तिची तारीफ केली होती. काय बिघडलं हिचं? हेच तर वाक्य लोकांनी म्हणावं म्हणून ती इतकी वर्षं खपली होती. पाठ ताठ ठेवून चालायला शिकली, इस्त्रीची घडी मोडू न द्यायला शिकली, दुःख म्हणून कुणापुढं काढायचं नाही असं शिकली. आणि आता ते वाक्य कुणीतरी भर बाजारात म्हटलं होतं, मनापासून म्हटलं होतं, आणि ते सुईच्या विरोधातलं पहिल्या नंबरचं कारण होऊन बसलं होतं. आपण इतकं चांगलं निभावलं की आपल्यामुळे देवी स्वस्त झाली. सिव्हिल लाइन्सच्या अलीकडं रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "बाई, बरं नाही का?" तेव्हा तिला कळलं की आपण मोठ्यानं काहीतरी बोललो.

स्टुडिओत आनंदराव टेप ऐकत होते. डोळे मिटून ऐकायची त्यांची सवय होती. सिंधी दुकानदाराचं मत झालं, शाळामास्तरांचं झालं, "सक्ती पाहिजेच, लोक सुधारत नाहीत" म्हणणारे पेन्शनर झाले. मग मनकर्णा आली. ह्या बाईलेच पाहा ना. आनंदरावांनी डोळे उघडले नाहीत, उलट आणखी घट्ट मिटले. टेप संपल्यावर ते टेप कापायच्या पात्याशी चाळा करत राहिले. "हा तुकडा काढू या," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे, मत चांगलं आहे, अस्सल आहे. पण तांत्रिक अडचण आहे. 'ह्या बाईला पाहा' म्हणते ती, पण ऐकणाऱ्याला कोण बाई ते कसं कळणार? रेडिओ आहे. दिसत तर नाही काही." "तिचा शेवटचा प्रश्न ठेवायचा?" शामलानं विचारलं. "सक्तीच आहे तर मत का विचारता, तो?" "तो तर नाहीच ठेवता येणार," आनंदराव घाईनं म्हणाले, आणि मग हळू आवाजात, "शामलाताई, तुम्हाला त्रास व्हावा असं मला वाटत नाही." "मला त्रास नाही होत," ती म्हणाली. "तुम्हाला होतोय." आनंदरावांचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटलं. तो माणूस वाईट नव्हता. "आठवडाभर राहू द्या," ती म्हणाली. "कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे. तोवर कापू नका."

बाहेर व्हरांड्यात ऊन चढलं होतं. इथंच मागं एकदा एक माणूस आला होता. कामठीचा, कुठल्याशा दुकानात हिशेबनीस, पांढरी विजार, केसांना तेल. शामलाताईंचा आवाज रोज ऐकतो, एकदा दर्शन घ्यायचं आहे, म्हणाला. हातात केवड्याचं कणीस होतं. तो विचारत होता तिलाच. समोर उभ्या बाईला. तिनं एक क्षण त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आज त्या रजेवर आहेत." तो केवडा ठेवून गेला. हा किस्सा तिनं नंतर ऑफिसात अनेकदा रंगवून सांगितला होता, नक्कल करून, आणि सगळे पोट धरधरून हसले होते. आता व्हरांड्याच्या त्याच खांबापाशी उभी असताना तिला वाटलं, नक्कल आपण नेहमी त्या माणसाची केली. स्वतःची कधी केली नाही.

इंदोरा वस्तीतल्या घरी आई, तुळसाबाई, चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. शामलाचा बाप लहानू गिरणीत कामाला होता. तो जाऊन सहा-सात वर्षं झाली. छप्पनच्या धम्मदीक्षेला तो आख्ख्या वस्तीच्या पुढं चालत गेला होता, पांढरं सदरा-धोतर घालून, आणि परत आल्यावर त्यानं घरातला देवीमातेचा, मातामायचा, शेंदूर लावलेला दगड उचलून आईच्या हातात दिला होता. "तूच ठेव नेऊन," म्हणाला होता. "तुले वाईट वाटन असं मी नाई करत." आई तो दगड पदराखाली घेऊन नाल्याकडं गेली आणि रिकाम्या हातानं आली. त्यावर ती कधी बोलली नाही. ती ज्यावर बोलत नसे अशा गोष्टी पुष्कळ होत्या, आणि त्यांतली सगळ्यांत मोठी सुदाम. शामलाचा धाकटा भाऊ. त्या घरात त्याचं नावच निघत नसे. त्याचा फोटो नव्हता. त्या काळी त्या वस्तीत फोटो कोण काढणार? मरताना तो तीन वर्षांचा होता, की चार वर्षांचा, हेसुद्धा शामलाला धड माहीत नव्हतं.

तिला स्वतःला आठवत होतं ते एवढंच. अंगाखाली कडुनिंबाचा पाला, त्याचा कडवट ओला वास. घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद, दाराला ओलं फडकं. डोळे सुजून मिटलेले, म्हणून तिला सुदाम दिसत नव्हता. त्याच गोधडीवर पलीकडं तो होता आणि ऐकू येत होता. कण्हणं, मध्येच बरळणं, शब्द कळत नव्हते. ताप तिला वर उचलून न्यायचा आणि खाली आणून टाकायचा, आणि प्रत्येक वेळी खाली आल्यावर ती आधी कान लावायची. आहे. आहे. मग एकदा खाली आली आणि पलीकडं काही नव्हतं. आई रडली नाही, निदान आवाजानं नाही. देवी घरात असताना रडायचं नसतं. त्याला कुणी, कधी, कसं नेलं ते तिला कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा गोधडी धुऊन वाळत घातलेली होती, आणि गोधडीएवढीच शांतता घरभर पसरलेली.

आणि टोचणारा त्याआधी आला होता. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी तिच्यापुढं बोलत नसे. गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली त्याचं टेबल लागलं होतं. आधी रस्त्यापलीकडची पोरं झाली, मग दुकानदारांची झाली, दुपार टळल्यावर यांना बोलावलं. लहानू दोन्ही लेकरं घेऊन उभा. टोचणाऱ्याच्या हातात एक लाकडी पट्टी होती. पोराचा दंड तो त्या पट्टीनं वर उचलायचा, आईला लांबून धरायला लावायचा आणि हात लागू न देता तेवढी सुई फिरवायचा. शामलाच्या दंडाखाली ती पट्टी आली. तिला ती अजून आठवते, गुळगुळीत, थंड. आणि वरून बापाचा आवाज: "काठीनं उचलते माह्या पोरीचा हात? ढोरं हाय का आम्ही? चाल गा सुदाम. चाल पोरी, घरी." बाप मानानं परत आला होता. वस्तीतल्या आणखी दोघा-तिघांनी त्याचं पाहून पोरं परत नेली होती. पुढच्याच हिवाळ्यात साथ आली. लहानू चूक होता असं म्हणायला शामलाची जीभ कधी वळली नव्हती. बरोबर होता असंही म्हणता आलं नव्हतं. ती बरी झाल्यावर त्यानं भिंतीवर मोठा आरसा आणून लावला. नातलग म्हणाले, हे काय, पोरीले रोज दिसन! तो म्हणाला, "दिसू द्या. लोक पाहतीन तिच्याइकडे, त्याच्या आंधी तिनं पाह्यलेलं बरं." मग तो तिला आरशापुढं उभी करून पेपर मोठ्यानं वाचायला लावी. तिचा आवाज असा घडला. त्या आवाजाच्या तळाशी कोण आहे हे बापाला माहीत होतं, आणि ते त्यानं मरताना सोबतच नेलं.

"जेवतं का?" आईनं विचारलं. "माय, आज बाजारात एक बाई म्हणाली," शामलानं सुरुवात केली आणि थांबली. आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडली. "काय म्हणाली?" "काई नाई. वांगे चांगले होते तिच्यापाशी." "मंग आणाचे होते," आई म्हणाली.

पुढच्या बाजाराला ती यंत्र न घेता गेली. मनकर्णानं तिला लांबूनच ओळखलं. "आल्या का रेडिओवाल्या बाई! आज काय पुसता?" शामला तिच्यासमोर जमिनीवरच बसली. इस्त्रीची घडी मोडली. आणि ती बोलली तेव्हा रेडिओची भाषा कुठं गेली ते तिलाही कळलं नाही. "आज तूच पूस वं मले. म्या त्या दिवशी सवाल केला अन् तुहं ऐकलंच नाई. काहून नको म्हनतं तू सुई?" मनकर्णा सावध झाली. मग हळूहळू सुटली. तिच्या थोरल्या पोराला मागल्या वर्षी टोचलं. कसं टोचलं? ती न्हाणीत होती. कोतवाल अन् दोन बाप्ये सरळ अंगणात आले, सासूच्या हातून पोरगं ओढलं, टोचलं अन् गेले. नाव नाही, गाव नाही, सांगणं नाही. पोराचा दंड पिकला, आठ दिवस तापानं फणफणला. हंगाम तिचा बुडाला. "तुमी म्हनता अडानी बाया मातेले भेतेत. मी मातेले नाई भेत. मी त्या कोतवालाले भेतो. लेकरू माहं हाय ना बाई? दारात उभं राहून, 'मनकर्णा, असं असं हाय, दे तुही पोरगी,' असं म्हनाले कोनाची जीभ झडते काय?" शामलाचा हात आपल्याच दंडावर गेला. तिला दंडाखालची पट्टी आठवत होती. त्या क्षणी तिला बाप आणि ही बाई शेजारी शेजारी दिसले, एकाच ताठ मानेचे. आणि त्यांच्यामध्ये, दोघांच्याही लक्षात न येता, खाली कुठंतरी मूल.

"माहा बाप बी असाच परत फिरला होता," ती म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं. पिंपळ, टेबल, पट्टी. कुणापुढं कधी सांगितलं नव्हतं ते वांग्यांच्या ढिगापाशी, गिऱ्हाईक येत असताना, थांबत, पुन्हा सुरू करत सांगितलं. सुदामचं नाव घेताना तिचा आवाज चिरला नाही; तिला भीती होती की चिरेल. "तू मले पाहून म्हनली, मेली का ही बाई. मी नाई मेली. पण आम्ही दोघं होतो वं एका गोधडीवर. तो इथं बाजारात कसा दिसन तुले? जे वाचले तेच दिसतेत." मनकर्णाचा हात पाणी शिंपडायचा थांबला होता. तिनं पदराला हात पुसला. "हात लावू का?" तिनं विचारलं. कुणीच असं कधी विचारलं नव्हतं. शामलानं मान पुढं केली. कोथिंबिरीचा वास येणारी, माती भरलेली बोटं तिच्या कपाळावरून गालावर आली, एकेका खळग्यात थबकत, बाजारात कापड पारखून पाहतात तशी, घाई न करता. "दुखलं असन," मनकर्णा म्हणाली. "लई दुखलं," शामला म्हणाली, आणि हे वाक्य आपण जन्मात पहिल्यांदा बोलतोय असं तिला वाटलं.

"सुई टोचली तं हिले बी ताप येईन?" मनकर्णानं मांडीवरच्या मुलीकडं पाहत विचारलं. "येईन. हात सुजन. चार दिवस किरकिर करन. खोटं नाई सांगत तुले." मनकर्णानं मुलीच्या दंडावरून अंगठा फिरवला. बाजाराच्या टोकाला कडुनिंबाखाली महापालिकेचं टेबल होतं; एक टोचणारी बाई पंख्यासारखं वर्तमानपत्र हलवत रिकामी बसली होती. "ते बाई लेकराले हात लावते ना नीट?" "चाल, इचारू." "तू कायले येतं? मी आपल्या पायानं जातो. कोनी ओढून नाई नेलं मले, हे साऱ्या बाजाराले दिसलं पाह्यजे." ती उठली, मुलीला कडेवर घेतलं, लुगडं झटकलं. "तवरक वांगे पाह्य. आठ आण्याच्या खाली देऊ नको." आणि गर्दीतून ती अशी गेली की माणसं आपोआप बाजूला झाली.

शामला ढिगामागं सरकून बसली. तराजू उचलून पाहिला; दांडी उजवीकडं झुकत होती. दोन बायका आल्या, घासाघीस करून गेल्या. तिसरी आली ती पिशवी उघडता उघडता थबकली. चांगल्या घरची, चष्मा लावलेली. "पाव किलो द्या," म्हणाली. "पाव घेता की अर्धा? भरीत करायचं तर अर्धा घ्या," शामला म्हणाली. त्या बाईनं मान वर केली. चेहरा पाहिला. नजर तिथून नेहमीसारखी घसरून जाईल म्हणून शामला वाट पाहत होती, पण ती घसरली नाही, गोंधळून तिथंच राहिली. "आवाज ओळखीचा वाटतो हो तुमचा. अगदी त्या... रेडिओवर दुपारी..." बोलता बोलता ती बाई स्वतःच ओशाळली, असं कसं म्हणावं म्हणून. व्हरांडा, केवडा, तेल लावलेले केस. शामलानं वांगी तराजूत टाकली, एक वरून जास्त टाकलं. "मीच ती," ती म्हणाली. "शामला. रोज दुपारी तुमच्याशी बोलते ती."  ती बाई एकदम हसली, चष्म्यामागं तिचे डोळे भरले, आणि ती म्हणाली, "बाई गं! माझ्या भाजीला तुम्ही रोज असता आणि आज भाजीच देताय!" टेबलाकडून एक किंचाळी ऐकू आली, भरपूर दम असलेली, संतापलेली. मनकर्णा परत आली तेव्हा पोरगी हुंदके देत होती आणि मनकर्णाचा चेहरा लढाई मारून आल्यासारखा होता. "नाव इचारलं तिनं माहं," ती म्हणाली. "पोरीचंबी इचारलं. किती वांगे इकले?"

शनिवारी आनंदरावांनी टेप तशीच ठेवली. म्हणजे, ठेवावी लागली. "ही बाई कोण ते मी सांगते ना ऐकणाऱ्यांना," शामला म्हणाली, "मग तुमची तांत्रिक अडचण राहत नाही." "आणि सक्तीचा प्रश्न?" "तोही ठेवा. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून ठेवा." आनंदरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "वर कळवावं लागेल," ते म्हणाले, आणि कळवलं नाही. लाल दिवा लागला. काचेपलीकडं कुणी मान खाली घातली नव्हती. सगळे तिच्याकडं पाहत होते. मनकर्णाचं बोलणं वाजलं. मग शामला म्हणाली, "बहिणींनो, कळमेश्वरच्या मनकर्णाबाई ज्या बाईकडं बोट दाखवताहेत, ती मी. माझा चेहरा तुम्ही कधी पाहिलेला नाही, म्हणून आज सांगते तो कसा आहे." तिनं सांगितलं. रडवं केलं नाही, उपदेश केला नाही. बापाचा मान सांगितला आणि तो मान कुणी मोडला तेही सांगितलं. टोचायला येणाऱ्यांनी दारात थांबून नाव विचारावं, हे सांगितलं; आणि नाव विचारलं नाही म्हणून रागानं दार लावून घेतलंत तर दाराच्या आत देवी आणि मूल दोघंच उरतात, हेही. शेवटी ती म्हणाली, "माझ्या भावाचं नाव सुदाम होतं." एवढं बोलून तिनं गाणं लावायची खूण केली.  बाहेर येताना तिच्या मनात भीती एकच होती, आणि ती ऐकणाऱ्यांची नव्हती. शेजारच्या कौसल्याकडं रेडिओ होता. आई दुपारी तिथंच बसायची.

घरी आली तर दाराला कडी. आई कधी कडी लावून जात नसे. शेजारी गेली तरी दार नुसतं ओढून जाई. शामला तशीच शेजारी वळली. कौसल्याच्या दाराशी चपलांचा ढीग होता. आत अंगणात वस्तीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर पोरं, कुणाच्या पाठीशी, आणि मधोमध तुळसाबाई. ती बोलत होती. इतका मोठा, इतका सरळ आवाज आईला आहे हे शामलाला माहीत नव्हतं. पोर कसं तीन वर्षांचं होतं अन् चौथं लागलं होतं; गुळाची ढेप दिसली की कसं जीभ बाहेर काढून उभं राहायचं; गिरणीचा भोंगा झाला की बापाच्या आधी दाराशी कसं जायचं. आईनं तिला दारात पाहिलं. बोलणं थांबवलं नाही. फक्त हातानं खूण केली, बस. कौसल्या जागा करायला सरकली. शामला बसली.

"हिनं रेडिओवर सांगतलं, पन हिले काय ठावं!" तुळसाबाई बायांना म्हणाली. "हिचे डोये मिटेल होते. तो जागा होता. आखरीपर्यंत जागा होता. मी त्याच्या तोंडाशी वाटी नेली तं तोंड फिरवे. म्या म्हनलं, पी रे बाप्पा, घोटभर पी. तं हिच्याकडे बोट दाखवे अन् म्हने, तिले दे. ताईले दे आंधी." ती थांबली. अंगणात एक पोरगं तेवढं रडत होतं. "मंग म्या हिले पाजलं," तुळसाबाई म्हणाली. "अन् वाटी घेऊन वळली, तं त्याचं बोट तसंच होतं."

कुणीतरी नाक ओढलं. शामला आईकडं पाहत होती.  आई अजून पुष्कळ बोलणार होती.